नाशिकरोडचा दर्या

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राचा जेवढा जाच मी सोसला आहे, तेवढा बंदरावर जन्म काढलेल्या माणसानंही सोसला नसेल. मी मूळचा सटाण्याकडचा. आमच्याकडं कांदा, डाळिंब आणि विहिरीचं पाणी. नोकरी लागली ती नाशिकला, पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून. लग्न झाल्यावर आम्ही दोघं नाशिकरोडला ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो, त्या घराची मालकीण पालघरच्या किनाऱ्यावरची कोळीण निघाली. एका तांडेलाची मुलगी. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, हे मला तिनं पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, मी न विचारता.

नवरा नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होता म्हणून ती इकडं आली. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, घर राहिलं. तीस वर्षं नाशिकरोडला काढूनही ती मनानं इथं आलेलीच नव्हती. सगळे तिला मावशी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

खोली बघायला गेलो तेव्हा तिनं पगार विचारला नाही, किती माणसं येणार-जाणार तेही विचारलं नाही. विचारलं एवढंच, "मासे खाता?"

मी नुकताच खायला शिकलो होतो, बायकोला तर फारच आवडायचे. खातो म्हणालो. कोळणीला हे ऐकून बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तिचे डोळे बारीक झाले.

"मग नीट ऐका. पाऊस लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत ह्या घरात ताजी मासळी शिजायची नाय. सुकं खा, मटण खा, भाजी खा. ताजी मासळी नाय."

"का बरं?" बायकोनं विचारलं.

"त्या दिवसांत ती पोटुशी असते."

बायकोला हसू आलं. मावशीचा चेहरा बघून ते तिनं तिथंच गिळलं.

माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. मी कुठल्या खात्यात आहे ते कळल्यापासून ती मला "पाटबंधारे" म्हणायची. "ए पाटबंधारे, नळ गळतोय वरचा." "पाटबंधारे, तुझी सायकल पुढं घे." गल्लीतली पोरंसोरंही पुढं मला त्याच नावानं ओळखायला लागली. पोस्टमन एकदा तसं लिहिलेलं पाकीट घेऊन बरोबर आमच्या दारात आला, तेव्हा मी वाद घालणं सोडून दिलं.

वैशाखात ती माहेराहून आणलेलं सुकं गच्चीवर उन्हात घालायची. बोंबील, जवळा, सोडे. त्याच गच्चीवर आमचे कपडे वाळायचे. ऑफिसात माझ्या शेजारच्या माणसानं आपलं टेबल खिडकीकडं सरकवून घेतलं आणि कारण मात्र उन्हाचं दिलं. सटाण्याहून माझी आई आली, तिनं उंबऱ्यातच नाकाला पदर लावला. "हाऊ कसाना वास शे रे भाऊ?" मी मावशीकडं बोट दाखवलं. संध्याकाळपर्यंत दोघी जिन्यात बसून लसूण सोलत होत्या आणि माझ्या तक्रारी एकमेकींना सांगत होत्या.

तिच्याशी वाद घालणं म्हणजे डोकं पिकवून घेणं. एकदा मी चिडून म्हणालो, "मावशी, आम्ही कांदेवाले लोक. तुमच्या समुद्राचं बरं-वाईट झालं तर आम्हाला काय फरक पडतो?"

ती गव्हातले खडे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा कांदा कशावर होतो?"

"पावसावर. विहिरीवर."

"पाऊस काय सटाण्याला तयार होतो? दर्यावरनं येतो तो. तू हापिसात काय करतोस? पाऊस किती पडला ते लिवतोस. म्हणजे आमचंच पाणी मोजतोस की रे तू."

यावर उत्तर सुचायला मला दोन दिवस लागले, आणि तोवर वेळ निघून गेलेली होती.

दुसऱ्या एका प्रसंगी मात्र आता हिला पकडलंच असं मला वाटलं. गल्लीतल्या लोकांनी देवाचं निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून नदीत सोडू नये म्हणून ती दारोदार भांडत फिरायची. पिशवी समुद्रात जाते, मासा गिळतो आणि मरतो, असं तिचं म्हणणं. मी ऑफिसातून नकाशा आणला आणि तिच्यापुढं पसरला. "हे बघा मावशी. गोदावरी इकडं पूर्वेला जाते. पार आंध्रातून पलीकडच्या समुद्राला मिळते. तुमच्या दर्याचा आणि हिचा काही संबंध नाही."

तिनं नकाशावरून बोट फिरवत नदी शेवटपर्यंत नेली. मग माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच ती पिशवी टाकली होती.

"तिकडं कोळी नाय काय?"

मी नकाशाची गुंडाळी केली.

पण खरा ताप बाजाराचा. नाशिकरोडच्या मासळीबाजारात चाचांचं दुकान होतं. म्हातारा, शांत माणूस. मावशी दर रविवारी तिथं जायची, घ्यायची क्वचित आणि तपासायची सगळं. पापलेट उचलून आपल्या तळहातावर ठेवायची. बोटांच्या टोकापलीकडं गेलं तर ठीक. आत राहिलं की ते सगळ्या गिऱ्हाईकांना दाखवत म्हणायची, "बघा, पोर हाय हे. अजून एकदाबी अंडी घातली नाय ह्यानं. हे खाल तर पुढल्या साली काय खाल?" निम्मी गिऱ्हाइकं हसायची, निम्मी पुढच्या दुकानात जायची. पिशवी धरून मागं उभा असलेला मी जमिनीत तोंड लपवायला जागा शोधायचो.

"मौसी, जैसा माल आता है वैसा बेचता हूं," चाचा कळवळून म्हणायचे. "मैं थोडी समंदर में जाता हूं."

"तू नाय जात. पण तू घेतोस म्हनून जानारा जातो."

आता त्या जुलैबद्दल सांगतो. माझ्या हातून जे झालं ते झालं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं, हा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे.

घोटीकडच्या धरणावरून बदली होऊन आमचे नवे साहेब नाशिकला आले होते. साहेब मासळीचे शौकीन. त्यांना मी जेवायला बोलावून बसलो आणि मग महिना लक्षात आला. बायको म्हणाली, मटण करू. साहेब मटण खात नव्हते. शेवटी मी ऑफिस सुटल्यावर चाचांकडून गुपचूप पापलेटं घेतली, चांगली गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, भरलेली, आणि डब्यात घालून, डबा फायलींच्या पिशवीत लपवून घरी आलो. मावशी ओट्यावर बसली होती. मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर असताना ती म्हणाली, "पाटबंधारे, पिशवी दाखव."

दाखवली. तिनं डबा उघडला, एक पापलेट घेतलं, पोट दाबून पाहिलं. गाभोळी बाहेर आली. तिनं आरडाओरडा केला असता तर मी काहीतरी बोललो असतो. ती एवढंच म्हणाली, "चल. परत देऊन येऊ."

मला वाजतगाजत परत बाजारात नेण्यात आलं. चाचांनी मासे परत घेतले. मी निघालो, पण मावशी हलेना. दुकानाच्या कोपऱ्यात मासळीचे प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचले होते. त्यातल्या निळ्या क्रेटवर पांढऱ्या रंगानं एक नाव लिहिलं होतं. बाईचं नाव. मावशी ते वाचत उभी होती. तिला वाचायला इतका वेळ कधी लागत नसे.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझी आई हाय ती."

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. तिच्या धाकट्या भावाची मशीनची बोट होती. बोटीला त्यानं आईचं नाव दिलं होतं आणि तेच नाव क्रेटवर घातलं होतं.

"हा माल कधी आला?" तिनं चाचांना विचारलं.

"आज सुबह. बरफ की गाडी से."

नारळी पौर्णिमेला अजून पंधरा-सोळा दिवस होते. तिच्या गावच्या बोटी सगळ्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असायला हव्या होत्या. तिच्या गावाचा तो नेम सरकारी कायद्याहून जुना. पावसात जाळी घरात आणि बोटी वाळूवर, आणि पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही. कायदा झाला तेव्हा तिच्या बापानं म्हणे सरकारी माणसाला विचारलं होतं, आमचाच नेम आम्हाला काय सांगता? त्या बापाच्या मुलानं नेम मोडला होता, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून माल दुसऱ्या बंदरात उतरवून, डोंगर चढवून, समुद्र नाही अशा गावी पाठवला होता. त्या गावात आपली बहीण राहते, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

त्या रात्री साहेब बटाट्याची भाजी जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चाचांकडून आणलेला तो निळा क्रेट घेऊन आमच्या दारात उभी. "रजा टाक. गावाला जायचं."

"मी कशाला?"

"तू साक्षीला. तू सरकारी मानूस."

"मावशी, मी पाटबंधाऱ्यात कारकून आहे. मासेमारीशी माझा..."

"शिक्का असतो ना तुझ्या हापिसात?"

बायकोनं माझी पिशवी आधीच भरून ठेवली होती. त्या घरात माझ्या बाजूनं कोणी नव्हतं.

सीबीएस स्टँडवर कंडक्टरनं अडवलं. मासे चालणार नाहीत म्हणाला. "मासे दाखव," मावशी म्हणाली, "एक तरी दाखव." क्रेट रिकामा होता, पण वास भरलेला होता. शेवटी तो क्रेट माझ्या मांडीवर आला. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, पालघर. पावसात खिडक्या बंद, बस भरलेली, आणि प्रत्येक नवा उतारू आधी क्रेटकडं आणि मग माझ्याकडं बघायचा. मावशी डोळे मिटून बसली होती. मी तीनदा ठरवलं की जव्हारला उतरून परत फिरायचं. उतरलो नाही, कारण क्रेट कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. करडा होता, खवळलेला. किनाऱ्यावर बोटी ओळीनं उभ्या होत्या, वर ताडपत्र्या. मधे एका बोटीची जागा मोकळी होती. मावशीनं ती पाहिली आणि चालण्याचा वेग वाढवला.

देवळापुढच्या मंडपात गावाची बैठक भरली. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, पाच-पन्नास माणसं, कडेला बायका. कुणकुण सगळ्यांनाच होती. पुरावा कोणाकडं नव्हता, की तो द्यायची कोणाची तयारी नव्हती, मला कळलं नाही. मावशी सरळ मधे जाऊन उभी राहिली.

एक म्हातारा म्हणाला, "बाय, तू दिलेली पोर. तू नाशिकची. इथं तुझा शब्द कसा?"

"शब्द माझा नाय. हिचा हाय," ती म्हणाली आणि क्रेट सगळ्यांना नाव दिसेल असा खाली ठेवला.

मग तिनं मला पुढं केलं. मी कधी चार माणसांत बोललेला नव्हतो. क्रेट कुठं मिळाला, त्या दिवशी कुठली मासळी होती, तिच्या पोटात काय होतं, ते मी सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. बोलताना गर्दीतला एक माणूस माझ्याकडं टक लावून बघत होता. त्याचं नाक हुबेहूब मावशीसारखं होतं.

तो उठला. "होय, गेलो मी," तो म्हणाला. "मीच एकटा काय? बाहेरचे ट्रॉलर रोज येतात आपल्या हद्दीत. तळ खरवडून नेतात. आपण इथं नारळाची वाट बघत बसायचं आन् त्यांनी समदं न्यायचं? आपण थांबल्यानं दर्या वाचतो काय?"

मला त्याचं म्हणणं पटलं, हे कबूल करतो. मंडपातल्या बऱ्याच जणांनाही पटलं असावं, कारण चार-दोन माना हलल्या.

"त्यांना अडवायला जाशील कोनच्या तोंडानं?" मावशी म्हणाली. "उद्या गाव त्यांच्या अंगावर जाईल. ते इचारतील, तुमचा मानूस काय करतो? मग काय सांगायचं गावानं? तो आमचा भाव हाय म्हनून सोडला?"

बैठक दोन तास चालली. ठरलं ते असं की त्यानं बारीक आसाचं, म्हणजे पिल्लूही सुटणार नाही असं, जाळं सोसायटीत जमा करायचं, आणि सगळ्यांच्या बोटी गेल्या तरी त्याची बोट आणखी महिनाभर किनाऱ्यावर ठेवायची. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. सगळे उठले तेव्हा तो बहिणीजवळ आला. तिच्याहून चांगला हातभर उंच होता.

"बाय," तो म्हणाला, "आता राखी घेऊन येऊ नको."

नारळी पौर्णिमा म्हणजेच राखी. ती दर वर्षी त्याच दिवशी माहेरी जायची. सकाळी दर्याला नारळ, दुपारी भावाला राखी.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, आता ही रडेल. ती कंडक्टरच्या उद्धटपणाबद्दल बोलत होती. जव्हारपर्यंत तेच. मग मोखाड्यापासून माझ्या भाषणातल्या चुका. "पोटात गाभोळी होती म्हनायचं सोडून अंड्यांचा समूह काय म्हनलास रे?"

त्या पौर्णिमेला ती घरीच राहिली. नारळीभात केला, वर पाठवला. बायकोला वाईट वाटलं. ती खाली जाऊन म्हणाली, "मावशी, ह्यांनाच बांधा की राखी."

"मला भाव हाय," मावशी म्हणाली. "रागावलेला हाय, मेलेला नाय."

पुढं दर वर्षी ती पाकिटात राखी घालून पाठवायची, आणि पोस्टात जाण्याचं काम अर्थातच माझं. पत्ता मी लिहायचो, कारण तिचं अक्षर त्यानं ओळखलं तर पाकीट फोडणार नाही, असा तिचा हिशेब. पाकीट कधी परत आलं नाही. उत्तरही आलं नाही. मी एकदा म्हणालो, "मावशी, तुम्ही बरोबर होतात, पण थोडं सबुरीनं घेतलं असतं तर? आधी त्याला एकट्याला गाठून बोलला असतात."

"बोलले असते तर तो हो म्हनला असता," ती म्हणाली. "आन् मी गप बसले असते."

त्यानंतर त्या विषयावर ती बोलली नाही, पण आमचा छळ कमी झाला नाही. मुलगी झाली, तिला ती पाळण्यात मासळीची नावं शिकवायची. मुलीचा पहिला शब्द आई नव्हता, बाबा नव्हता. मांदेली होता. गावाकडच्या बातम्या तिच्या माहेरच्या बायका फोनवर द्यायच्या. शेजारच्या दोन गावांनीही तोच नेम मान्य केला. खाडीच्या तोंडाशी बारीक जाळी बंद झाली. मासळी एकदम वाढली असं कोणी म्हणत नव्हतं, पण पापलेटं पुन्हा तळहातापलीकडची मिळायला लागली म्हणे. भावाबद्दल ती विचारायची नाही आणि त्या सांगायच्या नाहीत.

सहा वर्षं गेली असतील. नवं शतक लागलं होतं. नारळी पौर्णिमेच्या दुपारी मी गच्चीवरून कपडे काढत असताना फाटकाशी एक उंच माणूस दिसला. नाकावरून मी ओळखला. मी खाली पळालो. मावशी ओट्यावर होती. तिनं त्याला पाहिलं आणि बसूनच राहिली.

"रिकाम्या हातानं आलास?" ती म्हणाली.

"बंदी हाय ना," तो म्हणाला. "मासे कुठनं आनू?"

ती उठली. आत गेली आणि स्वैपाकघराचं दार लोटून घेतलं. तो ओट्याच्या कडेला टेकला आणि माझ्याशी बोलू लागला, जणू सहा वर्षांपूर्वी मी त्याच्याविरुद्ध बोललोच नव्हतो. बाहेरच्या ट्रॉलरनी त्याची जाळी दोनदा तोडली. मग तीन गावांनी मिळून चाळीस बोटी काढल्या, ट्रॉलर वेढले आणि बंदरात आणून अधिकाऱ्यांच्या हवाली केले. त्यांचा मालक म्हणाला, तुमचे लोक नाही का जात बंदीत? "चेअरमननं माझ्याकडं बोट दाखवलं," तो म्हणाला. "म्हनला, हा गेला होता. ह्याची बोट आम्ही महिनाभर वाळूत ठेवली होती. मालकाचं तोंड मिटलं." मग म्हणाला, "माझी शिक्षाच कामाला आली तिथं."

दार उघडलं. मावशी ताट घेऊन बाहेर आली, तीच भांडणाला तयार होऊन. "पूजा टाकून कोन येतं रे? तांडेलाचा पोर तू. दर्याला नारळ कोनी वाहायचा?"

"पोरानं वाहिला."

"आन् बोट? उद्या पहाटे बोटी जातील. पाटबंधारे, एसटीचं बघ. संध्याकाळची गाडी मिळाली पाह्यजे."

मी चपला घातल्या. भावानं माझा हात धरून मला बसवलं. "उद्या दुपारी जातो," तो म्हणाला.

"सगळ्यांच्या मागं पडशील."

"पडू दे. तवा पंधरा दिवस आधी गेलो होतो. आता एक दिवस उशिरा जातो."

मावशीला यावर काही बोलता आलं नाही. इतक्या वर्षांत तिच्यावर ही पाळी आलेली मी तेवढीच पाहिली. तिनं राखी बांधली, गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली, आणि त्याला तीनदा नारळीभात वाढला. मग माझ्याकडं वळली. भाऊ रात्री राहणार, त्याची पाठ दुखते, आणि घरातली सगळ्यात चांगली गादी माझी आहे, असं तिनं मला सांगितलं.

गादी मी स्वतः खाली आणून दिली. रात्री मी सतरंजीवर पडलो होतो आणि खालून दोघांचा भांडल्याचा आवाज येत होता. बराच वेळ चाललं होतं. बायकोला म्हणालो, जाऊन मिटव. ती म्हणाली, "झोपा. सहा वर्षांचं राहिलंय त्यांचं."